दरवाजाचं रबर सगळ्यात शेवटी: जुन्या पद्मिनीच्या चौकटी, काचा आणि बीडिंग

पावसाळ्याच्या तोंडावर जुनी प्रीमियर पद्मिनी ठाण्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये न्या आणि ‘दारातून पाणी येतंय’ म्हणा. उत्तर ठरलेलं असतं: ‘बीडिंग नवीन टाकू, पाणी बंद.’ बीडिंग, म्हणजे दरवाजाच्या चौकटीभोवतीचं रबर, पडतं, दरवाजा आधीपेक्षा जोरात आपटावा लागतो आणि जुलैच्या पहिल्या झोडपणाऱ्या सरीत ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर पुन्हा थेंब पडायला लागतात. मग ‘हल्लीच्या रबरात दम नाही’ असं म्हणून विषय संपतो.

रबरात दम नसतो हे काही वेळा खरंही असतं. पण बहुतेक गाड्यांत बिचाऱ्या रबराला जे काम दिलेलं असतं ते त्याच्या आवाक्यातलंच नसतं. दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात बारा मिलिमीटरची फट आणि खाली पाचची, असं असेल तर दोन्हीकडे नीट बसेल असं रबर बाजारात मिळणार नाही. म्हणून कामाचा क्रम पक्का धरायचा: आधी बिजागरी, मग दरवाजाची बैठक, मग काचेची चौकट, गंज, काच आणि तिचं चॅनल (काच ज्या खाचेतून सरकते ती). रबर सगळ्यात शेवटी.

हे सगळं मी पद्मिनी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण आपल्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात अजून सांभाळलेल्या जुन्या गाड्यांत तीच जास्त दिसते. अ‍ॅम्बेसेडरलाही हाच क्रम लागू पडतो. डुक्कर फियाटवाल्यांनी (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट ११००) मात्र एक लक्षात ठेवावं: तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूने लटकतात, म्हणजे एका बाजूचे दोन्ही दरवाजे मधल्या खांबावरच असतात. त्या खांबाचा पायथा गंजला असेल तर पुढे सांगितलेलं काहीही करण्याआधी तो दुरुस्त करा.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मे. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्याच्या आत चॅनल बंद होऊन रंग वाळलेला हवा. ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिमी पाऊस पडतो, आणि कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी असं खाडीलगत राहात असाल तर हवेतला खार वेगळाच. उघडं पडलेलं पत्र्याचं चॅनल पावसाळ्यात आठवडाभर जरी तसंच राहिलं तरी त्यावर लाल थर चढतो, आणि त्याच्यावर चिकटवलेलं रबर गंजासकट सुटून येतं.

पाणी कुठून येतं ते आधी बघा

पायाखालचा गालिचा ओला आहे म्हणजे दरवाजाच गळतो असं नाही. पाणी डॅशबोर्डच्या खालून, पुढच्या पत्र्यावरून उतरत असेल तर संशय पुढच्या काचेच्या रबरावर किंवा वायपरच्या दांड्याच्या बुशावर घ्या. दरवाजाचं पॅड, म्हणजे आतलं पुठ्ठ्याचं आवरण, खालच्या बाजूने फुगलं असेल, त्याचा पुठ्ठा हाताला भुसभुशीत लागत असेल, तर पाणी दरवाजाच्या पोटातून आत येतंय. आणि सीटच्या काठावर किंवा गुडघ्यावर थेट थेंब पडत असतील तर चौकटीचं रबर किंवा पुढच्या कोपऱ्यातली फिरणारी छोटी त्रिकोणी काच.

नोटेची परीक्षा सगळ्यांना माहीत असते: दारात नोट अडकवायची, दार लावायचं, नोट ओढायची. नोटेऐवजी वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या घ्या आणि दरवाजाभोवती वीतभर अंतराने करत जा. ओढताना हाताला किती जोर लागतो ते मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा: ‘घट्ट’, ‘ठीक’, ‘सुटते’. पूर्ण फेरी झाली की दरवाजा कुठे कलला आहे त्याचा नकाशाच तयार होतो. वर सगळीकडे ‘सुटते’ आणि खाली सगळीकडे ‘घट्ट’ असेल तर चौकट बाहेर झुकली आहे. बिजागरीच्या बाजूला घट्ट आणि लॉकच्या बाजूला सैल असेल तर आधी स्ट्रायकर, म्हणजे खांबावरचा ज्यात लॉक अडकतं तो भाग, पाहा.

वाऱ्याच्या शिट्टीसाठी वेगळी युक्ती. दरवाजाभोवतीच्या सगळ्या फटी बाहेरून मास्किंग टेपने बंद करा आणि पहाटे पाम बीच मार्गावर किंवा पूर्व द्रुतगती मार्गावर साठच्या वेगाने एक चक्कर मारा. शिट्टी थांबली ना? आता टेपचा एकेक तुकडा काढत जा. ज्या तुकड्यानंतर आवाज परत येतो, ती जागा. टेप उन्हात रंगावर ठेवू नका, डाग पडतो.

बिजागरी आणि दरवाजाची बैठक

दरवाजा अर्धवट उघडा, लॉकच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून वर उचला. खटकन वर-खाली झाला तर पिन झिजली आहे. हे करताना दुसऱ्या माणसाला बिजागरीकडे बघायला सांगा, कारण तीन वेगवेगळे आजार एकसारखेच जाणवतात. पिन बुशात हलत असेल तर लेथवरून जाड पिन किंवा नवं बुश करून घ्यायचं. बिजागरीच खांबावर हलत असेल तर स्क्रू ढिले आहेत किंवा भोकं मोठी झाली आहेत. आणि बिजागरीसकट खांबाचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल, तर ते वेल्डिंगचं काम आहे, तिथे पान्याने काही होणार नाही.

पिन बदलायची असेल तर जुनी पिन ठोकण्याआधी दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. वरची आणि खालची पिन एकदम काढू नका. एक पूर्ण बसली की मगच दुसरी. दरवाजाखाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी, फळीवर जुनी चादर. दरवाजा दिसतो त्यापेक्षा बराच जड असतो आणि एकट्याने धरायच्या भानगडीत फेंडरचा रंग जातो.

बैठक लावण्याआधी स्ट्रायकर सोडून बाजूला ठेवा. हे बरेच मिस्त्री करत नाहीत. स्ट्रायकर जागेवर असला की दरवाजा लागताना तो ओढून वर घेतो, बंद अवस्थेत सगळं सरळ दिसतं आणि खरा कल झाकला जातो. स्ट्रायकर काढून, रबरही काढून, दरवाजा हलकेच टेकवा. तो आपला आपण कुठे थांबतो ते खरं.

चार दरवाजांच्या गाडीत सुरुवात मागच्या दरवाजापासून. कारण मागच्या चाकावरचा पत्रा गाडीच्या अंगाचाच भाग आहे, तो हलत नाही. मागचा दरवाजा त्याच्याशी आणि छताच्या रेषेशी जुळवायचा, पुढचा दरवाजा मागच्याशी, आणि पुढचं फेंडर पुढच्या दरवाजाशी. उलट सुरुवात केलीत तर सगळी चूक शेवटी मागच्या कोपऱ्यात येऊन साठते आणि तिथे सरकवायला काही उरत नाही.

स्क्रू ढिले करण्याआधी बिजागरीच्या कडेने टोकदार खिळ्याने बारीक रेघ मारून घ्या, म्हणजे बिनसलं तर मूळ जागेवर परत येता येतं. लॉकच्या बाजूचं टोक खाली बसलं असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याची शिम घालून बघा. दरवाजाचा खालचा पुढचा कोपरा किंचित मागे ढकलला जातो आणि मागचं टोक वर येतं. अर्ध्या मिलिमीटरची शिम टोकाला जाईपर्यंत चांगलीच दिसते, त्यामुळे एकदम दोन-तीन घालू नका. जुन्या गाडीत बाहेरच्या पत्र्यांमधे सगळीकडे चार-पाच मिलिमीटरची फट चालते. आकड्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी असणं महत्त्वाचं.

बैठक जमली की स्ट्रायकर परत लावा, पण हाताने घट्ट एवढाच. दरवाजा लावा, बाहेरचं हँडल दाबून धरून दरवाजा हळू आत-बाहेर करा. लॉक स्ट्रायकरवर येताना दरवाजा वर उचलला जाता कामा नये आणि खालीही दबता कामा नये. मग पूर्ण आवळा.

चौकट: गुडघा आणि कणीक

आता या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. काचेभोवतीची चौकट दरवाजाच्या धडातून वर उभी राहिलेली असते, तिला वर कुणाचा आधार नाही. चाळीस-पन्नास वर्षं लोकांनी तिलाच धरून दार ओढलेलं असतं, त्यामुळे वरचा मागचा कोपरा बाहेर झुकतो. दरवाजाचं धड खाली तंतोतंत बसलेलं आणि वर बोट जाईल एवढी फट, हे त्याचं लक्षण.

किती झुकली ते मोजायला स्वयंपाकघरातली कणीक घ्या. पोळीला भिजवतो त्यापेक्षा थोडी घट्ट. सुपारीएवढ्या गोळ्या करून, वरून कोरडं पीठ लावून, रबराच्या बैठकीवर आठ-दहा ठिकाणी ठेवा: प्रत्येक कोपऱ्यात एक आणि मधे एकेक. दरवाजा लॉक होईपर्यंत लावा, उघडा, आणि चपट्या झालेल्या प्रत्येक गोळीची जाडी मोजा. कॅलिपर नसेल तर गोळी ब्लेडने उभी कापून स्टीलच्या पट्टीवर धरा. हे आकडे वहीत उतरवून ठेवा. यावरूनच पुढे रबर घ्यायचं आहे.

सगळीकडे सात ते नऊ मिलिमीटरच्या दरम्यान आलं तर चौकटीला हात लावू नका. वरच्या कोपऱ्यात बारा आणि बाकी आठ असेल तर चौकट आत घ्यायची. काच पूर्ण खाली करून चालत नाही, काढूनच टाका. ही काच टफन्ड असते, ती तडकत नाही, एकदम भुगा होतो आणि दरवाजाच्या पोटात महिनोन्महिने खुळखुळत राहतो.

दरवाजा उघडा, आतल्या बाजूला उभे राहा. जिथे काच दरवाजात शिरते त्या रेषेवर, आतल्या पत्र्यावर गुडघा टेकवा, मधे जाड टॉवेल. दोन्ही हातांनी चौकटीचा वरचा कोपरा धरा आणि स्वतःकडे सावकाश ओढा. पत्रा आधी स्प्रिंगसारखा परत जाईल. थोडा जास्त जोर, सोडा, कणीक लावून मोजा. पुन्हा. एका हिसक्यात जायचा मोह आवरा, कारण एकदा चौकट मधे दुमडली की ती दुमड रंगाखालूनही दिसते. चौकट फार आत गेली असेल तर उलटं: वरच्या कोपऱ्यात चौकट आणि गाडीच्या मधे कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरायचा आणि काचेच्या रेषेवर बाहेरून तळहाताने दाबायचं. ही ताकद हळूहळू लावायची, दणका द्यायचा नाही.

कोपऱ्याच्या जोडाला आधीच बारीक चीर गेली असेल तर वाकवणं थांबवा. आधी वेल्डिंग, मग वाकवणं.

गंज

फेल्टचं जुनं चॅनल, म्हणजे पत्र्याच्या खाचेतलं काचेचं मऊ अस्तर, ओढून काढा. पद्मिनीत ते खालच्या कोपऱ्यात सहसा अखंड येत नाही, तुकड्यांत येतं, आणि त्याच्यामागून चहाच्या चोथ्यासारखा ओला गंज खाली पडतो. त्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा संपला. पुट्टी भरून ‘बसवून’ देणारे भेटतील. त्या पुट्टीच्या मागे पाणी साचून पुढच्या वर्षी दुप्पट भोक होईल.

सडलेला भाग स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापा. ठिगळाला २० गेजचा पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिमी, पुरतो. कागदाचा साचा कापून घ्या, मग पत्रा. सीओटू वेल्डिंग करणाऱ्याला सांगा की सलग ओढायचं नाही: एक टाका इथे, दुसरा लांब, मधे थंड होऊ द्यायचं. एवढ्या पातळ पत्र्यात सलग वेल्डिंगची उष्णता साठली की आत्ताच सरळ केलेली चौकट पुन्हा पिळवटते. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, आणि शेजारच्या सगळ्या काचांवर ओली गोणपाटं टाका. वेल्डिंगची ठिणगी काचेवर पडली की तिथे बारीक खड्डा होतो आणि तो कुठल्याही पॉलिशने जात नाही.

घासून झालं की लगेच इपॉक्सी प्रायमर, आणि मुख्य म्हणजे चॅनलच्या आतल्या तळाला. बाहेरून सगळे रंगवतात. पाणी आत असतं. जोडांवर सीलर, वाळल्यावर रंग. दरवाजाच्या पोटात, खालच्या शिवणीवर मेणाचा स्प्रे मारून ठेवा, पण निचऱ्याची भोकं टाळून.

काच, चॅनल आणि काचेचं मशीन

काच वर-खाली होताना अडखळते म्हणून लोक मशीन बदलतात. त्याआधी दोन चॅनल समांतर आहेत का बघा. पुढचं उभं चॅनल म्हणजे त्रिकोणी काचेच्या शेजारचा दांडा, मागचं दरवाजाच्या आत. दोघांच्या खाचेच्या तळापासून तळापर्यंत वर, मधे आणि खाली अंतर मोजा. एक लाकडी पट्टी बरोबर मापाने कापून ती वरून खाली सरकवली तर मोजायचीही गरज नाही. वर घट्ट होत असेल तर काच तिथेच अडकते. खाली सैल असेल तर अर्धी उघडलेली काच खडखडते, आणि तिला सगळे ‘रबर गेलं’ म्हणतात.

काच फेल्टमध्ये बसल्यावर रुंदीत एकूण दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी. काच मोठी वाटली म्हणून कडा घासून आणू असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा: टफन्ड काच घासता किंवा कापता येत नाही, फुटते.

नवं फेल्ट चॅनल विकत घेताना जुन्याचा तुकडा सोबत न्या. बाहेरची रुंदी, आतली खाच आणि काचेची जाडी, तिन्ही जुळायला हवीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात जुन्या गाड्यांचे भाग अजून मिळतात. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, त्यामुळे भंगारातल्या मालाची आवक आता आटत जाणार. टॅक्सीच्या दरवाजातून काच, त्रिकोणी काचेची चौकट, क्रोमच्या पट्ट्या खुशाल घ्या. बिजागऱ्या आणि लॉक घेऊ नका. टॅक्सीचा मागचा डावा दरवाजा दिवसातून किती वेळा उघडला-लावला गेला असेल याचा हिशोब तुम्हीच करा. रबराचं ठरावीक प्रोफाइल (छेदाचा आकार) कुठेच मिळेना तर वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात रबराचं काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांत नमुना घेऊन चौकशी करा. एकट्यासाठी डाय पाडणं परवडत नाही. चार-पाच गाडीवाले मिळून गेलात तर बोलणं होऊ शकतं.

काच काढताना तिच्या खालचं लोखंडी चॅनल कुठे बसलंय ते काचेवर मार्करने आधी आखून घ्या. दोन सेंटिमीटर पुढे-मागे झालं की काच तिरकी चढते. नवीन रबरपट्टी साबणाच्या पाण्याने ओली करून काचेवर चढवा, त्यावर चॅनल ठेवून लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोका. मशीनचे दात बघा, पुसा, पांढरं ग्रीस लावा. त्याला मोठी चक्राकार स्प्रिंग असेल तर ती सोडवायच्या फंदात पडू नका. ताणलेली असते, बोटं फोडते.

फेल्ट बसवताना कोपऱ्यांपासून सुरुवात. कोपऱ्यात फेल्ट नुसतं वाकवलं तर आतल्या बाजूला सुरकुती पडून काच तिथेच अडते, म्हणून मागच्या बाजूने छोटा त्रिकोण कापून वळवा. लांबी पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवा आणि दाबून बसवा, ओढून नाही. काच जिथे घासते तिथे सिलिकॉन स्प्रे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावलंत तर धूळ धरून त्याचा पॉलिश पेपर होतो आणि काचेवर उभ्या रेघा पडतात.

त्रिकोणी काच

हिचं रबर बसवणं म्हणजे संयमाची परीक्षा. नवं रबर गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून मऊ करा. आधी रबर चौकटीत पूर्ण बसवा, मग काचेची फ्रेम वरच्या खुंटीत घालून खालचा दांडा त्याच्या भोकात उतरवा. साबणाचं पाणी चालेल, ग्लिसरीन चालेल, ग्रीस नाही. खालच्या दांड्याला स्प्रिंग आणि नट असतो, काच किती घट्ट फिरावी ते तो ठरवतो. चालत्या गाडीत वाऱ्याने आपोआप मिटत असेल तर अर्धा आटा आवळा.

दरवाजाच्या पोटात पाणी जाणारच

हे एकदा मनाने स्वीकारलं की अर्धे घोटाळे मिटतात. काचेच्या पायथ्याशी बाहेरून जी रबराची पट्टी असते, ती काचेवरचं पाणी पुसते, थांबवत नाही. थोडं पाणी आत जाणार आणि खालच्या भोकांतून बाहेर पडणार, अशीच ती रचना आहे. गडबड होते ती दोन ठिकाणी.

एक, भोकं बुजलेली. गाडीला खालून डांबरी कोटिंग मारताना पोराने दरवाजाच्या कडाही काळ्या करून टाकल्या की भोकं गेली. केबल टायचं टोक घालून प्रत्येक भोक मोकळं करा, मग दरवाजाच्या आत मगभर पाणी ओता. ते धार धरून खाली पडलं पाहिजे. थेंब-थेंब पडत असेल तर आत चिखल आहे.

दोन, पॅडच्या मागचा प्लास्टिक कागद. बहुतेक गाड्यांत तो कधीच फाडून फेकलेला असतो, कारण ‘काही उपयोग नाही त्याचा’. पॅड काढायला काचेचं हँडल काढावं लागतं. मागची चकती दाबून बघा, आत आडवी पिन किंवा नालेच्या आकाराची क्लिप दिसेल. जाड प्लास्टिक दरवाजाच्या मापाने कापा, काळ्या ब्युटिल टेपने कडेने चिकटवा. खालची कड मात्र आतल्या पत्र्याच्या खाचेतून दरवाजाच्या पोटात सोडायची. ती बाहेर राहिली तर कागदावरून ओघळलेलं पाणी थेट पुठ्ठ्याच्या पॅडवर आणि तिथून गालिच्यावर. गालिचा ओला होण्याचं हे कारण मी नव्या बीडिंगच्या गाड्यांतही पाहिलंय.

बाहेरची पुसणारी पट्टी क्लिपांवर असते. तिची ओठासारखी कड काचेला पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे, पण काचेला आत ढकलता कामा नये.

आणि आता रबर

वहीतले कणकेचे आकडे काढा. पोकळ स्पंजचं रबर दाबलं गेल्यावरच सील करतं, आणि मूळ उंचीच्या साधारण पाव ते तृतीयांश दबलं की काम बरोबर होतं. फट आठची असेल तर अकरा मिलिमीटर उंचीचं रबर. पंधराचं घेतलं तर दरवाजा लागणार नाही, आणि मग कुणीतरी स्ट्रायकर बाहेर सरकवून देईल. म्हणजे इतकं केलेलं सगळं पाण्यात.

रबर ईपीडीएम (एक प्रकारचं सिंथेटिक रबर) आहे का विचारा. ऊन, पाऊस आणि हवेतला ओझोन ते सोसतं. पेट्रोल, तेल आणि ग्रीस त्याला चालत नाही. दुकानात रबराचा तुकडा चिमटीत घट्ट दाबून सोडा: लगेच फुगून आला तर घ्या, बोटाचा ठसा राहिला तर पुढच्या दुकानात जा.

जुना गोंद स्क्रॅपरने काढा, उरलेला मिनरल टर्पेंटाइनने पुसा. थिनर वापरलात तर गोंदाबरोबर रंगही येईल. आधी गोंद न लावता रबर मास्किंग टेपच्या तुकड्यांनी पूर्ण बसवून दरवाजा रात्रभर लावून ठेवा. सकाळी दार उघडल्यावर रबरावर जे ठसे दिसतील त्यावरून कुठे दाब पडतोय कळतं. सगळं ठीक असेल तरच गोंद.

फेविकॉल एसआरसारखा सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. वीतवीतभर करत पुढे जा. रबर ताणू नका. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आकसून मूळ लांबीवर येतं, आणि ते येतं कोपऱ्यांतून: तिथे ते पत्र्यापासून सुटून पुलासारखं उभं राहतं. कोपऱ्यात उलट थोडं जास्तच रबर आत ढकलून ठेवा. जोड खालच्या बाजूला, टोकं काटकोनात कापलेली, मधे फेविक्विकसारख्या गोंदाचा एक थेंब.

फटीत सिलिकॉन भरायचा सल्ला मिळाला तर ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट असेल तर ते उघड्या लोखंडाला गंज आणतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही.

पहिले काही दिवस दरवाजा जरा जड लागेल. गाडी दुपारच्या उन्हात दारं लावून उभी करा, रबर बसतं. स्ट्रायकरला हात लावू नका.

पाणी मारून बघणं

सोसायटीत पाईप लावला की सेक्रेटरी येतातच, आणि घोडबंदर रोडकडे टँकरच्या दिवसांत तर ते योग्यही नाही. दोन बादल्या आणि एक मग एवढं पुरतं. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, पॅडच्या कडेने आणि उंबऱ्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. ओलं झालं की पावडर लगेच काळपट दिसते. पाणी खालून सुरू करा. आधी फक्त दरवाजाचा तळ, मग काचेचा पायथा, मग त्रिकोणी काच, शेवटी छताकडची कड. वरून ओतलंत तर सगळं एकदम भिजतं आणि गळती कुठली ते कळत नाही. प्रत्येक टप्प्याला तीन-चार मिनिटं द्या, कारण पाणी पत्र्याच्या दोन थरांतून वाट काढत आत यायला वेळ लागतो. प्रेशर वॉशर मारू नका, त्याच्यासमोर नवी गाडीही गळेल.

एखाद्या ठिकाणी पावडर भिजलीच तर रबर लगेच उचकटू नका. तिथली कणकेची नोंद बघा. फट बाकीच्यांसारखीच असेल तर रबराचा जोड किंवा कोपरा सुटलाय. वेगळी असेल तर चौकटीकडे परत.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा निचऱ्याच्या भोकांतून केबल टाय फिरवा आणि रबर ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रेचा किंवा ग्लिसरीनचा हलका हात मारा. टायर चमकवायचं पेट्रोलवालं पॉलिश दरवाजाच्या रबराला लावू नका, धुण्याच्या पोरालाही हे बजावून ठेवा.